ताईचे तीन गुंठे

२०२३ च्या जानेवारीत आईच्या वर्षाची मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, झाली. दुपारची जेवणं उरकली, पाहुणे पांगले आणि ताई मागच्या वाडीत गेली. मी पडवीत बसलो होतो. कढीपत्त्याच्या झाडापाशी ती थांबली, हात वर नेला आणि तसाच खाली घेतला. मग स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन तिने माझ्या बायकोला विचारलं, "चार काड्या घेऊ का गं कढीपत्त्याच्या?"

ते झाड तिनेच लावलेलं. शाळेत असताना मैत्रिणीकडून रोप आणलं होतं आणि पहिला उन्हाळाभर आंघोळीचं पाणी बादलीने वाहून घातलं होतं. मी तेव्हा लहान होतो, पण ती बादली मला आठवते.

निघताना ती मला म्हणाली, "ती सही कधी करायची ते कळव रे. दोन दिवस आधी सांग, म्हणजे सुट्टी टाकता येईल."

ती सही म्हणजे दुसरं हक्कसोडपत्र. पहिलं २०१२ साली झालं होतं.

आम्ही वसईच्या पश्चिम पट्ट्यातले, वाडीवाले. बाबांची २७ गुंठे बागायत. विहीर, राजेळी केळी, कडेने मोगरा, थोडी पानवेल. नव्वदच्या दशकात जमिनी आणि पाणी वाचवायला हरित वसईची चळवळ उभी राहिली, फादर फ्रान्सिस दिब्रिटो पुढे होते, तेव्हा बाबा आम्हा दोघा भावांना घेऊन मोर्चाला जायचे. बिल्डरला एक गुंठा विकणार नाही म्हणणाऱ्या माझ्या वडिलांनी मृत्युपत्र मात्र केलं नाही. २००९ मध्ये ते गेले.

आम्हा ख्रिस्ती लोकांना १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो. मृत्युपत्र नसेल तर विधवेला एक तृतीयांश आणि उरलेलं सगळ्या मुलांना सारखं, मुलगा-मुलगी हा फरक त्यात नाही. म्हणजे आमच्या २७ गुंठ्यांत आईचे ९ आणि आम्हा तिघांचे ६-६. कायदा इतका सरळ आहे. पण आमच्याकडे रीत वेगळी. मुलीने सही द्यायची, म्हणजे माहेर राहतं. न देणारीबद्दल लग्नाकार्यात काय बोललं जातं ते मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. ताईने २०१२ मध्ये सही दिली, तिचे सहा गुंठे आम्हा दोघा भावांकडे तीन-तीन आले. बहीण-भावांतल्या अशा हक्कसोडीला तेव्हा मुद्रांक शुल्क लागायचं दोनशे रुपये. सही झाल्यावर आम्ही तिला साडी घेतली आणि सगळे मिळून जेवलो. सातबारा एकच राहिला, आई आणि आम्ही दोघे भाऊ अशी तीन नावं.

२०२२ मध्ये आई गेली. तिचे नऊ गुंठे आता पुन्हा तिघांचे होते, कारण २०१२ च्या कागदाने ताईने फक्त बाबांकडून आलेला हक्क सोडला होता. म्हणून दुसरी सही. वकिलाकडे मसुदा तयार होता.

२०२३ मध्ये राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, २२ फेब्रुवारीला आला. उपवासकाळ मी नेहमीच नेमाने पाळतो. चाळीस दिवस मांसमच्छी बंद, दर शुक्रवारी क्रुसाची वाट, जमेल तेवढी दानपेटी. आमच्या धर्मग्रामात मी मिस्सेत वाचन करतो, त्यामुळे वाचनं आधी घरी दोन-तीनदा मोठ्याने वाचून जातो. उपवासकाळाच्या पहिल्या आठवड्यातला शुक्रवार, ३ मार्च, माझ्या वाट्याला आला होता. पहिलं वाचन यहेज्केलच्या अठराव्या अध्यायातलं. दुर्जन आपल्या पापांपासून वळला आणि न्यायाने वागला तर तो जगेल, असा त्याचा आशय. मी ते नीट वाचलं आणि जागेवर येऊन बसलो.

मग फादरांनी शुभवर्तमान वाचलं. मत्तय, पाचवा अध्याय. तू वेदीपाशी आपलं अर्पण आणलंस आणि तिथे तुला आठवलं की आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जा, त्याच्याशी समेट कर, मग येऊन अर्पण कर. हे वचन मी किती वेळा ऐकलं असेल! दरवेळी मला वाटायचं, माझं कुणाशी भांडण नाही, हे माझ्यासाठी नाही. त्या संध्याकाळी पहिल्यांदा लक्षात आलं की येशू भांडण झालंय का ते विचारतच नाही. दुसऱ्याच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असू शकतं का, एवढंच तो विचारतो. आणि माझ्या डोळ्यांसमोर वर गेलेला आणि खाली आलेला तो हात आला. अर्पणाची थैली माझ्यासमोरून गेली तेव्हा मी त्यात पैसे टाकू शकलो नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी कन्फेशनला गेलो. जे बोललो ते माझंच होतं, म्हणून इथे लिहितो. मी म्हणालो, "फादर, बहिणीला जमिनीतलं काहीतरी द्यावं असं मनात येतंय." त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग एकच प्रश्न विचारला, "सही केली त्या दिवशी तिचा हिस्सा किती होतो, हे तिला कुणी सांगितलं होतं?"

कुणी सांगितलं नव्हतं. आईला कायदा माहीत नव्हता. धाकट्याला तो विचारावासा वाटला नव्हता. मी मात्र आयुष्यभर कंपनीचे हिशेब सांभाळले आहेत. सहीच्या आधी मी कायदा वाचला होता, कागदावर आकडेमोड केली होती. सहा गुंठे हा आकडा मला माहीत होता आणि मी तो कागद घडी करून ठेवून दिला होता. तिने प्रेमाने सोडलं हे खरं, पण काय सोडतेय ते तिला कळू न देता मी ते सोडू दिलं. मी हे मोठ्याने बोललो तेव्हा माझं पाप मला पहिल्यांदा नीट दिसलं. त्याआधी अकरा वर्षं मी ते बहिणीचा चांगुलपणा म्हणून मिरवत होतो.

फादर म्हणाले, "मग 'द्यायचं' म्हणू नका. 'परत करायचं' म्हणा."

त्यांनी मला पापक्षमा दिली. पण क्षमा मिळाली तरी झालेलं नुकसान भरून काढायचं काम तुमचंच राहतं, तोही पश्चात्तापाचाच भाग आहे, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. 'चोरी करू नको' ही सातवी आज्ञा समजावताना कॅथलिक चर्चचा श्रद्धाग्रंथ शुभवर्तमानातल्या जक्कय या जकातदाराचं उदाहरण देतो. घरी जाऊन लूकचा एकोणिसावा अध्याय आणि गणनाच्या पुस्तकातला सत्ताविसावा अध्याय वाचा, हे प्रायश्चित्त.

जक्कयची गोष्ट आमच्याकडे पोरांना उंबराच्या झाडासाठी आवडते. बुटका माणूस, झाडावर चढला, येशूने त्याला खाली बोलावलं. पण त्या रात्री मी शेवटाकडे थांबलो. जक्कय येशूला आपण बदलल्याचं नुसतं सांगत नाही. तो हिशेब मांडतो. अर्धं गरिबांना, ज्याला फसवलं त्याला चौपट. चौपट हा आकडाही त्याने हवेतून काढलेला नाही. मोशेच्या नियमशास्त्रात चोरलेल्या एका मेंढराबद्दल चार मेंढरं भरून द्यायला सांगितलं आहे. आणि ते ऐकल्यावरच येशू म्हणतो की आज या घराला तारण मिळालं.

गणनाचा अध्याय मी पूर्वी कधी लक्ष देऊन वाचला नव्हता. सलाफहादाच्या पाच मुली मोशेपुढे, याजकापुढे, साऱ्या मंडळीपुढे उभ्या राहतात आणि वडिलांच्या वतनातला वाटा मागतात. त्यांना भाऊ नव्हता, म्हणजे आमच्या घरासारखी ती गोष्ट नाही. पण मोशे तो प्रश्न देवापुढे नेतो आणि देव म्हणतो, या मुली बोलतात ते बरोबर आहे. आमच्या किती आया-बहिणींनी हे वाक्य चर्चमध्ये ऐकलं असेल? मी चाळीस वर्षं मिस्सेला जातोय, मला ते प्रवचनात ऐकल्याचं आठवत नाही.

बायकोला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली. मला वाटलं, मुलाच्या शिक्षणाचं, घराच्या दुरुस्तीचं काढेल. ती म्हणाली, "तू तुझ्या बहिणीला परत करशील. माझ्या माहेरी मी जी सही केलीय ती मला कोण परत करणार?"

लग्नाला चोवीस वर्षं झाली होती. तिनेही सही केलेली होती, मला ठाऊक होतं, आणि त्याबद्दल मी तिला कधी एक शब्द विचारला नव्हता. उत्तर माझ्याकडे नव्हतं. त्या रात्री जपमाळ आम्ही दोघांनी मिळून म्हटली, एवढंच. सकाळी चहा ठेवताना ती म्हणाली, "कर. एका घरात तरी होऊ दे."

ताईकडे मी एकटाच गेलो. सहा गुंठ्यांचा तो हिशेब नव्याने कागदावर लिहून नेला होता. आधी मला वाटलं होतं, ती रडेल, मिठी मारेल. ती चिडली. "म्हणजे मी दिलं ते तुला ओझं झालं? माझं देणं तुला नको झालं?" मी कागद पुढे केला. २०१२ चे सहा, त्यातले माझ्याकडे आलेले तीन, आईकडचे तीन. "हे मला तेव्हा माहीत होतं ताई, आणि मी तुला सांगितलं नाही." तिने कागद हातात घेतला. बोट ठेवून एकेक ओळ वाचली. शाळेतही ती अशीच बोट ठेवून वाचायची.

मग तिने जे सांगितलं ते मी आजवर कुणालाच कळू दिलं नव्हतं. आता तिच्या परवानगीने लिहितोय. सही केली त्याच वर्षी भाऊजींचं काम सुटलं होतं. धाकट्या मुलीच्या शाळेची फी दोन सत्रं थकली होती. तिच्या मनात आमच्याकडे मागायचं होतं. "पण सही नुकतीच केलेली. वाटलं, तुम्ही म्हणाल सहीचे पैसे मागायला आली." म्हणून ती आली नाही. गळ्यातली चेन मोडली. त्याच वर्षी पावसाळ्यानंतर आईने सुकेळी केली, तेव्हा ताई सुट्टी घेऊन चार दिवस मदतीला आली होती. राजेळी सोलायची, उन्हात मांडायची, संध्याकाळी गोळा करायची, वाळल्यावर केळीच्या सोपट्यात बांधायची. मी तिच्या हातून सुकेळीचं पुडकं घेऊन ऑफिसात वाटलं होतं. तिच्या गळ्यात चेन नाही, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

धाकटा भाऊ तयार झाला नाही. "तिने राजीखुशीने सही केलीय, नोंदणी झालीय, आता मागचं उकरू नकोस." मी रागावलो, आवाजही चढला. फादरांना जाऊन सांगितलं तर ते म्हणाले, "तुमच्या हातात तुमचे तीन गुंठे आहेत. त्याच्या तीन गुंठ्यांसाठी प्रार्थना करा." मला ते उत्तर तेव्हा आवडलं नव्हतं. मात्र आईच्या हिश्श्याबद्दल दुसरं हक्कसोडपत्र करायचं नाही, हे त्यानेही मान्य केलं. वारस नोंदीला तिघांची नावं दिली. मृत्यूचा दाखला, प्रतिज्ञापत्र, तिघांची आधार कार्डं, एवढ्यावर ते काम झालं.

माझ्याकडच्या तीन गुंठ्यांना मात्र वेळ लागला. अकरा वर्षांपूर्वी नोंदवलेलं हक्कसोडपत्र रद्द करत बसण्यापेक्षा बक्षीसपत्र करा, असा वकिलांचा सल्ला. वेगळा तुकडा पाडायला गेलात तर तुकडेबंदीचा प्रश्न निघेल, म्हणून अविभक्त हिस्सा द्या, सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून नाव लागेल. शुल्काचं ऐकल्यावर मात्र मी हबकलो. मुलाला किंवा मुलीला शेतजमीन बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क तेव्हा दोनशे रुपये होतं, पण भावाने बहिणीला दिली तर ती सवलत नव्हती. रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारने ठरवलेल्या मूल्यावर टक्केवारीने मुद्रांक भरावा लागतो. वसईतल्या जमिनीचं मूल्य काय असतं ते इथल्या कुणालाही विचारा. बहिणीने हक्क सोडायला दोनशे रुपये आणि तोच हक्क तिच्याकडे परत जायला माझ्या कित्येक महिन्यांचा पगार. तो खर्च मीच करायचा हे मी आधीच ठरवलं होतं. मोशेच्या नियमशास्त्रात परत करताना मुद्दलावर पाचवा हिस्सा जास्त द्यायला सांगितलं आहे, ते मनात धरून मी मुदत ठेव मोडली.

मसुदा वाचताना एका ओळीवर मी अडलो. "नैसर्गिक प्रेम व आपुलकीपोटी बक्षीस देत आहे." मी म्हणालो, हे खरं नाही. मी बक्षीस देत नाही, तिचं तिला परत करतोय. वकील समजूतदार होते. म्हणाले, "तुमचं म्हणणं कळतंय, पण बक्षीसपत्रात तसं लिहिता येत नाही. देणं फेडतोय असं लिहिलंत तर तो दस्त बक्षीसपत्र राहत नाही." ती ओळ तशीच ठेवून मी सही केली. ताईला मात्र आधी सांगितलं, की त्या ओळीवर जाऊ नकोस.

बक्षीसपत्राला घेणाऱ्याचा स्वीकारही लागतो. तिने घेतलं नाही तर कायद्याने ते पुरं होत नाही. आणि ताईने कित्येक आठवडे होकार दिला नाही. पवित्र आठवडा आला. झावळ्यांचा रविवार गेला, गुरुवारी पाय धुण्याचा विधी झाला, ९ एप्रिलला ईस्टर झाला. सगळं ईस्टरच्या आत व्हावं अशी माझी फार इच्छा होती. इतकी वर्षं पुनरुत्थानाच्या मिस्सेला मी नवा शर्ट घालून जातो. त्या वर्षी जुनाच घालून गेलो आणि कम्युनियन घेताना फक्त एवढंच म्हणालो की प्रभू, मी निघालोय, अजून पोचलो नाही.

होकार तिने मे महिन्यात दिला, तोही फोनवर, दोन वाक्यांत. "मुलींशी बोलले. त्या म्हणाल्या, आई घे, म्हणजे आमच्यावर उद्या सही करायची वेळ आली तर आम्हाला विचार करता येईल."

जूनच्या मध्यात दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात गेलो. सकाळी टोकन, दुपारी नंबर. समोरच्या कॅमेऱ्यात एकेकाचा फोटो, मग अंगठा. ताईच्या अंगठ्याचा ठसा यंत्र घेईना. केळीच्या चिकाने, भांडी-धुण्याने तिच्या बोटांच्या रेषा झिजल्या आहेत. ऑपरेटरने तिला रुमालाने अंगठा पुसायला सांगितलं, मग मी माझा रुमाल दिला, मग दुसरं बोट. चौथ्या खेपेला ठसा उमटला. २०१२ मध्येही ती याच मुलखातल्या अशाच एका खोलीत बसली असेल, तेव्हा ठसा पहिल्यांदाच उमटला होता की नाही, मला आठवेना. मी तिथेच होतो.

त्यानंतर फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावर तिचं नाव लावण्याची नोंद. नोंद झाली की हितसंबंधितांना नोटीस जाते आणि हरकतीला पंधरा दिवस असतात. सहहिस्सेदार म्हणून धाकट्यालाही नोटीस गेली. ते पंधरा दिवस मला जड गेले. तो हरकत घेईल असं वाटत होतं, आणि घेतली असती तर तहसीलच्या फेऱ्या ठरलेल्या होत्या. त्याने घेतली नाही. याबद्दल तो माझ्याशी आजही बोलत नाही, त्याचे तीन गुंठेही त्याच्याकडेच आहेत. पण त्या नोटिशीवर तो गप्प राहिला आणि मी ते त्याच्या बाजूने धरतो. ऑगस्टमध्ये मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद प्रमाणित केली.

अकरा वर्षांच्या उत्पन्नाचाही हिशेब मी मांडला होता. केळी, मोगरा, पानं, खर्च वजा जाता. ताईने ती वही उघडलीच नाही. शेवटी ती रक्कम तिच्या धाकटीच्या नर्सिंगच्या फीसाठी घेईन, पण थेट कॉलेजात भर, माझ्या हातात देऊ नकोस, एवढ्यावर ती आली. मी भरली.

आता ती महिन्यातून एकदा तरी येते. विहिरीच्या बाजूचे तीन वाफे तिने अळूला घेतले आहेत. कढीपत्ता कापताना विचारत नाही. मागच्या खेपेला तर फांदी फार वाढू दिली म्हणून माझ्या बायकोला बोलून गेली. दोघी मग बराच वेळ झाडाखाली उभ्या होत्या, काय बोलत होत्या मी विचारलं नाही.

पंपाचं लाइट बिल मीच भरायचो. गेल्या दिवाळीनंतर एका संध्याकाळी लोकलमध्ये असताना फोनवर मेसेज आला, ताईने बिलातला तिचा हिस्सा पाठवला होता, चारशे बारा रुपये. मी लगेच परत पाठवले. दादर ते अंधेरी होईपर्यंत ते पुन्हा आले. दुसऱ्यांदा मी ठेवून घेतले.